वाफसा

मननाला पहाटे बसलात तर बरं. सुरतेच्या भेस्तानला पूर्ण शांतता अशी कधी नसतेच. उधन्याकडून आलेली एखादी मालगाडी न थांबता सचिनच्या बाजूला निघून जाते, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांची घरघर रात्रभर चालू असते, रात्रपाळीची माणसं अजून वाटेवर असतात. तरी पाच-साडेपाचला, दूधवाला यायच्या आधी, थोडा निवांतपणा सापडतो. तेवढा आपल्याला पुरेल.

गॅलरीत बसा, ओट्यावर बसा, गच्चीच्या जिन्यात बसा. समोर दोन कुंड्या असू द्या. कुंड्या नसतील तर दह्याचे रिकामे डबे घ्या आणि तळाला खिळ्याने दोन-तीन भोकं पाडा. एका डब्यात काळी माती भरा. भेस्तानच्या कडेला जिथे अजून इमारत उभी राहिलेली नाही, तिथे पायाखाली हीच माती आहे. दुसऱ्यात डस्ट भरा. बांधकामाच्या साइटवर तिचा ढीग असतोच. काळा दगड क्रशरमध्ये फोडून खडी करताना जी भुकटी निघते, ती ही डस्ट. मुकादमाला विचारून डबाभर आणा.

आता काही करू नका. दोन्हींकडे नुसतं पाहा.

एक राखाडी आहे, एक काळी. राखाडी सगळीकडून सारखी दिसते. काळीत ढेकळं आहेत, एखादी वाळलेली काडी आहे, कुजलेल्या मुळाचा धागा आहे, कसली तरी पांढरी ठिपकी आहे. नजर राखाडीवरून घसरते आणि काळीवर अडकते. अडकू द्या. मनन म्हणजे तरी काय, नजर जिथे अडकली तिथे तिला थोडा वेळ राहू देणं.

दोन्ही डब्यांत थोडं पाणी शिंपडा. डस्ट कोरडी असताना नाकाशी नेऊ नका, दगडाची भुकटी छातीत गेलेली चांगली नाही. ओली झाल्यावर चिमूट घ्या, बोटांत चोळा. कण टोचतात, कचकचतात. वास घ्या. ओल्या फुटपाथचा वास येईल, फार तर. आता काळीची चिमूट घ्या आणि नाकाशी न्या.

हा वास तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या पावसाचा म्हणून आपण त्याला ओळखतो. तो दगडाचा नाही, पाण्याचाही नाही. मातीत राहणारे स्ट्रेप्टोमायसीस नावाचे जिवाणू जिओस्मिन हा पदार्थ तयार करतात, त्याचा हा वास. म्हणजे चिमटीत जी माती आहे तिच्यात या क्षणी कोणीतरी राहतंय, खातंय, वाढतंय. आणखी एकदा वास घ्या. घाई नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती सावकाश मनात उतरू द्या. या दोन्ही डब्यांतला दगड मुळात एकच आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. त्याचा थिजून झालेला काळा पाषाण म्हणजे बसाल्ट. सातमाळा त्याचाच, सह्याद्रीचे कडे त्याचेच, अजिंठ्याची लेणी त्यातच कोरलेली. तापी बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते, खानदेशातून येते, उकाईच्या धरणाला अडते, सुरतेला वळसा घालते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून समुद्राला मिळते. वाटेत हजारो वर्षं ती हाच दगड झिजवत, धूत, वाहून आणत राहिली. तापी आणि मिंढोळा यांच्यामधल्या सपाटीवर आपलं भेस्तान बसलेलं आहे. म्हणजे कामासाठी गाडीत बसून खानदेशातली माणसं इथे आली त्याच्या कितीतरी आधी खानदेशातली माती इथे येऊन राहिली होती. मला हे कळलं त्या दिवशी भेस्तान मला परकं वाटायचं थांबलं.

तर डस्ट म्हणजे कालपरवा फोडलेला बसाल्ट. आणि काळी माती म्हणजे तोच बसाल्ट, पण पाऊस, ऊन, मुळं, बुरशी, गांडुळं, वाळवी, कुजलेली पानं आणि मेलेले किडे यांच्या हातांतून गेलेला. दोन डब्यांमधलं अंतर वीतभर आहे. त्या वीतभरात काय काय मावलंय त्याचा विचार करत थोडा वेळ बसा.

डस्टच्या डब्याकडे आता वेगळ्या नजरेने पाहायचं आहे. तो मंगळ आहे असं समजा.

ही काही उगाच केलेली कल्पना नाही. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बसाल्टचाच आहे. वरून दिसणारा तांबडा रंग लोखंडाच्या गंजाचा, आतला दगड आपल्या ओळखीचा. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटीला आकाशातून सुमारे पाच किलोचा एक दगड पडला. तो मंगळावरून उडून आलेला बसाल्टी दगड आहे हे शंभराहून जास्त वर्षांनी उलगडलं, आणि आज अशा दगडांच्या आख्ख्या जातीला जगभर शेरघाटीवरूनच शेरगोटाइट म्हणतात. बुलढाण्याचं लोणार सरोवर तर दख्खनच्या बसाल्टवर उल्का आदळून झालेलं विवर. मंगळावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ तिथे येतात. आपल्या गुजरातेत कच्छमधल्या मातानामढला जारोसाइट नावाचं खनिज सापडतं, तेच २००४ मध्ये मंगळावर ऑपर्च्युनिटी गाडीला सापडलं होतं. म्हणून तिथली जमीनही मंगळाच्या अभ्यासासाठी तपासली जाते. मंगळ वाटतो तेवढा लांबचा पाहुणा नाही.

पण त्याची माती अजून कोणीही पृथ्वीवर आणलेली नाही. पर्सिव्हिअरन्स गाडीने २०२१ पासून नमुने नळ्यांत भरून ठेवले आहेत, ते अजून तिथेच आहेत. म्हणून झाडं उगवतात का हे पाहायला शास्त्रज्ञ त्या मातीची नक्कल करतात. एक जुनी आणि खूप वापरली गेलेली नक्कल हवाई बेटावरच्या पु-उ नेने या ज्वालामुखीच्या राखेपासून बनवलेली आहे. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठात वीगर वामेलिंक यांनी २०१३ मध्ये ती कुंड्यांत भरली. शेजारी चंद्राच्या मातीची नक्कल ठेवली आणि तुलनेला ऱ्हाइन नदीकाठची, दहा मीटर खोलीवरून काढलेली, मुद्दाम निःसत्त्व निवडलेली वाळू. चौदा जातींच्या ४२०० बिया पेरल्या, खत काहीच घातलं नाही, पन्नास दिवस पाहिलं. मंगळाच्या नकली मातीत झाडं उगवली आणि ऱ्हाइनच्या वाळूपेक्षा चांगली वाढली. चंद्राची सर्वांत मागे राहिली. पुढे त्यांनी टोमॅटो, मुळा, वाटाणा, राय ही पिकंही घेतली. २०१७ मध्ये त्याच मातीत डुकराचं शेण कालवून गांडुळं सोडली, तेव्हा दोन पिल्लं जन्मली.

बातमी म्हणून हे वाचताना आनंद होतो, मलाही झाला होता. पण डब्यासमोर बसून विचार केला की एक गोष्ट टोचते. हवाईची राख हवाईत पडली आहे. तिच्यावर पाऊस पडलाय, वारा वाहिलाय, जवळपास गवत उगवलंय. त्या मातीत नत्राचे अंश सापडले, ते वामेलिंकनीही नोंदवले आहेत. म्हणजे जिला आपण मंगळाची म्हणतो तिच्या अंगावर पृथ्वीचा हात फिरून गेलेला होता. पुढे फ्लोरिडात तीन प्रकारची नकली माती घेऊन प्रयोग झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पोषण न देता एकाही मातीत झाडं तगली नाहीत, आणि परक्लोरेट मिसळल्यावर तर पोषण देऊनही काही उगवलं नाही. मला हा दुसरा निकाल जास्त खरा वाटतो.

परक्लोरेट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. २००८ मध्ये फिनिक्स यान मंगळाच्या उत्तरेला उतरलं आणि तिथल्या मातीत वजनाच्या ०.४ ते ०.६ टक्के हा क्षार निघाला. किलोभर मातीत चमचाभर समजा. माणसाच्या पोटात गेला तर तो थायरॉइडच्या कामात अडथळा आणतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला मात्र हे सगळं एका शब्दात कळेल. खारवट. जमीन तशी झाली की तिच्यात काय होतं आणि ती धुऊन काढायला किती पाणी आणि किती चांगला निचरा लागतो, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. परक्लोरेट पाण्यात विरघळतं, धुऊन काढता येतं. काही जिवाणू ते खाऊनही टाकतात. प्रश्न एवढाच की मंगळावर धुवायला पाणी आणायचं कुठून.

आता बी पेरू या.

मेथी घ्या. स्वयंपाकघरातली, डब्यातली. एक दाणा तळहातावर ठेवा. पिवळसर, चौकोनी, मध्ये एक तिरकी खाच. खाचेच्या एका बाजूला अंकुराचं मूळ दुमडून बसलेलं आहे, दुसऱ्या बाजूला दोन दलं. २०२५ च्या जूनमध्ये अंतराळवीर शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या प्रयोगासाठी त्यांच्यासोबत हीच मेथी आणि मूग होते. त्याआधी, ३० डिसेंबर २०२४ ला सुटलेल्या पीएसएलव्ही सी-६० सोबत इस्रोने चवळीच्या आठ बिया पाठवल्या. चार दिवसांत त्यांना मोड आले आणि नंतर पानंही फुटली. कपाशीच्या माणसांसाठी आणखी एक सांगतो. जानेवारी २०१९ मध्ये चीनच्या चांग-अ ४ यानात, बंद डब्यात पृथ्वीचीच माती घालून बिया नेल्या होत्या. चंद्रावर सर्वांत आधी कोंब आला तो सरकीला. पुढे चंद्रावरची रात्र झाली, डबा गोठला, कोंब गेला.

दाणे रात्रभर भिजत घातले असतील तर ते फुगून बुळबुळीत झाले असतील. दोन्ही डब्यांत सारखेच दाणे पेरा, वर बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढी माती सारा. पाणी शिंपडा. उठा आता, कामाला जा. मनन संपलेलं नाही. ते आता काही दिवस तुमच्या पाठीमागे चालू राहील.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी येऊन बसा.

माझ्या गॅलरीत दोन्ही डब्यांत मेथी उगवली. डस्टमधलीही. वाकलेली मान आधी वर आली, मग टोपीसारखं टरफल डोक्यावर घेऊन दोन दलं सरळ झाली. दोन्हीकडे तोच हिरवा रंग, जवळपास तीच उंची. मनात आलं, जमलं की. मंगळावर मेथी! आणि इथेच सावध व्हायला हवं होतं. कारण पहिले काही दिवस बी मातीतलं काहीच खात नाही. त्याच्या दलांत आईने भरून दिलेलं असतं, ते खातं. उगवणं हे बियाचं काम आहे, मातीची परीक्षा पुढे सुरू होते.

इथे आमच्या नानांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. अमळनेरकडचं कोरडवाहू गाव सोडून ते उधन्याला उतरले तेव्हा त्यांच्याजवळ फडक्यात बांधलेली कळण्याची भाकर आणि ठेचा होता. ते दोन दिवस पुरलं. त्या दोन दिवसांत ते इकडे चांगलेच तगून होते, असं ते स्वतः सांगायचे. तिसऱ्या दिवसापासून खरी गोष्ट सुरू झाली. लिंबायतच्या एका खोलीत गावाकडच्या सहा जणांनी सातव्याला जागा करून दिली. कोणी लूमच्या संच्यावर धागा जोडायला शिकवलं, कोणी पहिला पगार होईपर्यंत खानावळीत त्यांचं नाव लावलं. तेव्हा ते इथे रुजले. शिदोरी संपल्यावर आजूबाजूला कोण आहे यावर माणसाचं पुढचं ठरतं. मेथीचंही तसंच आहे.

थोडं थांबा इथे. तुमच्या घरात आधी कोण आलं होतं, काय बांधून आणलं होतं, तिसऱ्या दिवशी त्यांना कोणी जागा दिली? नावं आठवत असतील तर मनातल्या मनात घ्या.

दोनेक आठवडे झाले की डब्यांतला फरक लपत नाही. काळीतली मेथी तीन पानांवर येते, पानं पसरतात, हात फिरवला तर वास लागतो. डस्टमधली तिथेच उभी असते. दलं पिवळी पडतात, नवं पान येतं ते नखाएवढं. पाणी घातलं तर वर साचून राहतं आणि वाळलं की पापुद्रा धरतो. काडीने टोकरावा लागतो.

आता जरा कठोर व्हायचं. दोन्ही डब्यांतून एकेक रोप हळूच उपटा आणि डोळ्यांजवळ धरा.

डस्टमधलं मूळ उघडं निघतं. पांढरं, बारीक, आखूड, त्याला दोन-चार कण चिकटलेले, ते झटकले की झडतात. काळीतलं मूळ एकटं बाहेर येतच नाही. त्याच्याभोवती मातीचं अस्तर असतं, दाणेदार, ओलसर. झटकलं तरी ते सुटत नाही. केसांपेक्षा बारीक मुळं त्या कणांमध्ये घुसलेली असतात, मूळ स्वतः पाझरवत असलेल्या चिकट रसाने ते कण धरलेले असतात, आणि तो रस खायला आलेले जिवाणू नि बुरशीचे धागे तिथे दाटीने राहत असतात. झाड आपण बनवलेल्या साखरेतला मोठा वाटा मुळांवाटे जमिनीत सोडतं. वाया जाऊ देतं असं नाही, शेजाऱ्यांना जेवू घालतं. शेजारी बदल्यात त्याला दगडातलं स्फुरद सोडवून देतात, हवेतलं नत्र बांधून देतात. मेथी, मूग, चवळी, हरभरा यांच्या मुळांवर नीट पाहिलंत तर मोहरीएवढ्या गाठी सापडतील. एखादी नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला तर त्या गाठीत नत्राचं काम चालू आहे असं समजा.

हे मूळ हातात धरून जितका वेळ बसता येईल तितका बसा. मला या सगळ्या प्रकारात याहून महत्त्वाचं काही दिसलेलं नाही.

फ्लोरिडा विद्यापीठात चक्क चंद्रावरून आणलेल्या खऱ्या मातीत झाडं वाढवली गेली, तो प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अपोलो ११, १२ आणि १७ या मोहिमांनी आणलेली, पन्नास वर्षं जपून ठेवलेली, सगळी मिळून अवघी बारा ग्रॅम. एकेका खाचेत एकेक ग्रॅम. सगळ्या बिया उगवल्या. काही दिवसांतच मुळं खुरटली, आणि झाडांच्या जनुकांत तपासलं तर क्षार आणि धातूंचा ताण बसल्यावर झाड जसं वागतं तसं ते वागत होतं. माझ्या डस्टमधल्या मेथीला सांगता आलं असतं तर तिने साधारण हेच सांगितलं असतं.

आणि याच्या उलट बाजूचंही सांगायला हवं. कोलोराडोत मंगळाच्या नकली मातीत रानमेथीच्या कुळातलं एक झाड लावलं आणि त्याच्या मुळांना गाठी करणारे जिवाणू दिले. २०२१ मध्ये छापलेला निकाल असा की जिवाणूंशिवाय वाढलेल्या झाडांपेक्षा त्यांची मुळं आणि फांद्या ७५ टक्क्यांनी जास्त भरल्या. हेच जिवाणू आपल्या मेथीच्या मुळांवरही गाठी करतात. आपल्याकडे पेरणीआधी हरभऱ्याला, मुगाला जिवाणू संवर्धक चोळतात, ती बीजप्रक्रिया हीच. टेक्सासात चंद्राच्या नकली भुकटीत गांडूळखत आणि मुळांशी जोडून राहणारी बुरशी घातली, तर भुकटी पाऊण हिस्सा असतानाही हरभऱ्याला दाणे धरले. नुसत्या भुकटीतला हरभरा मेला.

तिसरा डबा आता आणा. त्यात डस्टच घाला, पण तिच्यात गांडूळखत कालवा आणि काळीची एक मूठ. विरजण लावतो तसं. दूध कितीही असो, दही लागायला चमचाभर कालचं दही लागतंच, आणि ते कुठून तरी कोणाच्या तरी घरून आणलेलं असतं. मंगळावर दूध भरपूर आहे. विरजण नाही.

माझ्या तिसऱ्या डब्यातली मेथी काळीतल्या मेथीच्या बरोबरीला आली नाही, पण डस्टमधलीपेक्षा तिची तब्येत कितीतरी बरी होती. तिची भाजी मी केली नाही. तिला तिथेच राहू दिलं, वाळू दिलं, पुन्हा त्याच डब्यात मोडून घातलं. दुसरी पेरणी पहिलीपेक्षा बरी आली.

कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर आयुष्यभर हेच करत आणि सांगत राहिले. ते गणिताचे माणूस. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला, शेतकऱ्यांना आपल्याच रानात प्रयोग करून ते मोजायला आणि एकमेकांना सांगायला लावलं. शहरातल्या गच्चीवर पालापाचोळा, शेण आणि चिमूटभर सजीव माती यांतून जमीन घडवता येते, हे त्यांच्या ‘विपुलाच सृष्टी’ वाचणाऱ्यांना माहीत आहे. मंगळाचं नाव न घेता मंगळावर काय करावं लागेल ते त्यांनी मांडून ठेवलं आहे असं मला मनापासून वाटतं. नेदरलँड्समधली गांडुळं आणि कोल्हापूरची गच्ची या एकाच प्रयोगाच्या दोन वह्या आहेत.

आता शेवटचं. काळीच्या डब्याला काल पाणी घातलं असेल तर आज ती ना चिखल असेल ना कोरडी. मूठभर उचला, घट्ट दाबा, मूठ उघडा. गोळा बांधला गेलाय. कमरेएवढ्या उंचीवरून तो सोडा. खाली पडून तो भुसभुशीत फुटला तर जमिनीला वाफसा आहे. घात आली, असं आमच्याकडे म्हणतात. आता वखर घाला, आता पेरा.

वाफसा म्हणजे मातीच्या कणांमधल्या फटींत काही भाग पाणी आणि काही भाग हवा. सगळ्या फटी पाण्याने भरल्या तर मुळं गुदमरतात, सगळ्या रिकाम्या झाल्या तर वाळतात. या दोहोंमध्ये काही दिवस जमीन जी असते, तो वाफसा. एक श्वास आत घ्या आणि सोडायच्या आधी क्षणभर थांबा. छातीत ज्या जागा आता हवेने भरल्या आहेत तशाच जागा तुमच्या मुठीतल्या ढेकळात आहेत. त्या गांडुळांनी पोखरल्या, मुळांनी मरताना रिकाम्या सोडल्या, बुरशीच्या धाग्यांनी बांधून धरल्या. डस्ट मुठीत दाबून पाहा. जास्त ओली असेल तर रबडी होते, कमी असेल तर सांडते. मधलं तिला ठाऊक नाही.

मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. उघड्यावर पाणी ओतलं तर त्यातलं काही उकळून उडेल, काही गोठेल. सूर्यप्रकाश आपल्या निम्म्याहून कमी. जमिनीवर कोणी कितीही नांगर फिरवला तरी तिथे उघड्या रानात घात येणार नाही. मेथी उगवायची तर वर छप्पर लागेल, आत हवा लागेल, उष्णता लागेल, आणि विरजण इथून न्यावं लागेल. ते नेणारी माणसं कदाचित आज कुठल्या तरी शाळेत आहेत. सुरतेत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, त्यातल्याही एखादीत असतील. मंगळावर शेती व्हावी असं मला फार वाटतं. आणि ती जमली तर तिच्या पहिल्या मुठीत तापीकाठची काळी असावी, हेही वाटतं. यात मला काही अतिशयोक्ती वाटत नाही. दगड तोच आहे, जिवाणू ओळखीचे आहेत.

उकाई धरण झाल्यापासून तापीचा बराच गाळ वरच अडतो. भेस्तानच्या सपाटीला नवी माती पूर्वीसारखी येत नाही. जी आहे ती प्लॉटच्या पायासाठी उकरली जाते, ट्रकमध्ये भरली जाते आणि कुठल्या तरी खड्ड्यात भराव म्हणून टाकली जाते. तिच्यावर मग डस्ट पसरतात, दाबतात, वर पेव्हर ब्लॉक बसवतात. पुढच्या वेळी तुमच्या सोसायटीच्या शेजारी असा खड्डा खणताना दिसला, तर वरच्या फूटभर मातीतून दोन घमेली मागून घ्या. खालचा मुरूम घेऊ नका, वरची काळीच घ्या. गच्चीवर ठेवा, तिच्यात भाजीचे देठ घाला, ओल ठेवा, आणि शेजारच्या मुलांना एकेक दाणा मेथी पेरू द्या.

सहा वाजत आले असतील. डबे सावलीत ठेवा, पाणी थोडंच घाला.